हातभर अंतरावरचे भिंगराव

सोमवार, ३ तारीख

डायरी लिहिणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ज्यांचं घरात कोणी ऐकत नाही, ती डायरी लिहितात. माझंही घरात कोणी ऐकत नाही हे खरं, पण तेवढ्यासाठी मी वही विकत आणली नसती. ही वही कामाची आहे.

सकाळी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या दातांच्या लॅबच्या मालकीण. गावभरचे डॉक्टर तोंडांची मापं पाठवतात आणि आम्ही कवळ्या करून देतो.

"मेणवाली आणि भट्टीवाला," मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या. "प्लास्टरच्या पोत्यांमागे. हातात हात."

"कोणी कोणाचा धरला होता?"

"बाई, थट्टा नको. उद्या यांचं भांडण झालं की मेण एकीकडे आणि भट्टी दुसरीकडे. कामाच्या जागी असलं चालावं की नाही, चाललं तर कसं, याचा एक नियम करायचाय. तो तुम्ही लिहा. पंधरा दिवसांत द्या."

"मी का?"

"तुम्ही इथल्या जुन्या. आणि तुमचा या विषयाशी काही संबंध नाही. म्हणजे निःपक्षपातीपणे लिहाल."

जिना उतरेपर्यंत मला हा मान वाटला. शेवटच्या पायरीवर वाटलं, 'काही संबंध नाही' हे त्या जरा फारच पटकन म्हणाल्या. वय सत्तेचाळीस, नवरा जाऊन नऊ वर्षं, घरी सासू. संबंध नाहीच म्हणा. पण एखादा क्षण विचार केल्यासारखं तरी करायचं.

त्या नादात टेबलावर आले तर समोर लाल चिठ्ठी. इथे आमच्या कामाची पद्धत सांगायला हवी. मी मेणाच्या पट्टीवर दात रचते. शेजारच्या टेबलावर, हातभर अंतरावर, भिंगराव बसतात. डोळ्याला भिंग लावून ते माझा एकेक दात तपासतात. पसंत पडलं तर माझ्या सहीखाली त्यांची सही आणि माल पुढे. नाही पडलं तर लाल चिठ्ठी. अकरा वर्षं हेच चाललंय. आजची चिठ्ठी अशी: 'वरचा डावा सुळा जरा जास्तच आत्मविश्वासाने उभा आहे. त्याला थोडं बसवावं.'

एरवी मी हसले असते. आज म्हणाले, आणि मोठ्याने म्हणाले, "अकरा वर्षं नुसते दोष काढताय. एकदा तरी चांगलं म्हणाल का?"

मेणवालीचा हात थांबला. भिंगरावांनी भिंग कपाळावर चढवलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि परत खाली उतरवलं. या माणसाचं सगळं बोलणं लेखी.

घरी गेल्यावर सासूबाईंनी रोजचा प्रश्न विचारला, "आज चिठ्ठीत काय होतं?" मी सांगितलं. सुळ्याला त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. कवळी मात्र जागची हलली नाही. ती मी केलेली आहे.

गुरुवार, ६ तारीख

नियमासाठी निरीक्षण सुरू केलं. निष्कर्ष असा की कामाच्या जागी प्रेम करणं सर्वथा चूक आहे.

एक म्हणजे, प्रेमात पडलेला माणूस कामावर लवकर येतो. भट्टीवाला, जो तीन वर्षं वेळेवर आला नव्हता, तो आता कुलूप उघडायच्या आधी दारात उभा असतो. अशा माणसाचा काय भरवसा? दुसरं म्हणजे डबा. मेणवाली स्वतःच्या डब्यातली अंडी त्याला देते आणि त्याची काकडी खाते. सौदा तोट्याचा आहे हे तिला कळत नाही, म्हणजे विचारशक्ती गेली. (भिंगराव माझ्या डब्यातलं वांगं खातात ही वेगळी गोष्ट. मला वांगं आवडत नाही. मग करतेस कशाला, असं सासूबाई विचारतात. त्यांना प्रत्येक गोष्टीला कारण लागतं.)

तिसरं आणि मोठं: ब्रेकअप झाल्यावर काय? दुसरीकडे कुठे जमलं आणि मोडलं, तर माणूस तो रस्ता टाळतो. इथे रस्ता टाळून जाणार कुठे? त्याच भिंती, तोच एक नळ, रोज आठ तास. ज्याचं तोंड बघायचं नाही, त्याच्या शेजारी बसून तोंडांचीच मापं बघायची.

भिंगरावांचं मत विचारलं. त्यांनी हातातली कवळी खाली ठेवली. मग म्हणाले, "नियम कोणासाठी?"

"सगळ्यांसाठी."

"सगळ्यांसाठी," ते म्हणाले, आणि पुन्हा कामाला लागले. याला मत म्हणत नाहीत, पडसाद म्हणतात.

त्यांनी मिशी काढली आहे. उकाडा फार आहे हल्ली. तशी मिशीशिवाय माणसाच्या वयाची पाचेक वर्षं कमी होतात, हे सहज नोंदवून ठेवते.

शुक्रवार, ७ तारीख

मेणवालीला चहाला बाहेर नेलं. चौकशी गुप्त ठेवायची होती, पण ती बसल्याबसल्याच म्हणाली, "बाई, नियमाचं ना? सगळ्यांना माहितीये."

"मग सरळ विचारते. भांडण झालं तर काय कराल?"

"होतं की. कालच झालं."

"मग?"

"मग काय, मेण वितळायचं थांबतं का? केलं काम. दुपारी तोच आला काकडी घेऊन."

"आणि कायमचं मोडलं तर?"

"तर वाईट वाटेल. पण बाई, मनातलं न बोलता रोज समोर बसायचं, त्याचं वाईट नाही का वाटत?"

"मला काय विचारतेस? मी निःपक्षपाती आहे."

"हो, बरोबर," ती म्हणाली, आणि तिला चहाचा ठसका लागला. या पिढीला धड चहासुद्धा पिता येत नाही.

सोमवार, १० तारीख

आज हिशेबात आलं की गेला सोमवार सोडला तर एकही लाल चिठ्ठी नाही. आठवडाभरात बावीस कामं, बावीस सह्या.

आधी वाटलं, हात बसला. अकरा वर्षांनी का होईना, देव पावला. दुपारपर्यंत मी स्वतःवर खूश होते. मग एक कवळी स्वतःच उजेडात धरली. मागच्या दाढेला किंचित उंची जास्त होती. फार नाही, पण भिंगरावांना ती एरवी अंधारातही दिसली असती. तिच्यावर त्यांची सही होती. मी गुपचूप मेण खरवडून दाढ बसवली.

डोळे गेले असतील का? की मन लागत नाही? की नोकरी सोडायचा विचार आहे? विचारायचं कसं? आम्ही तसं बोलत नाही.

सासूबाईंनी चिठ्ठीची चौकशी केली. नाही म्हटलं. "सहा दिवस झाले," त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं मीच मोजतेय.

"चांगलंच आहे ना," मी म्हटलं. "काम निर्दोष झालं."

"हो, म्हणून तर तू तीन पोळ्यांऐवजी एकीवर उठलीस."

मंगळवार, ११ तारीख

आज मी एक गाढवपणा केला. इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे कबूल करण्यासारखा नाही.

सकाळी एक दुरुस्ती आली. तयार कवळी, पुढचा एक दात निखळलेला, तो परत बसवायचा. दहा मिनिटांचं काम. मी तो दात मुद्दाम थोडा कलता बसवला. शेजारच्या दातात आणि त्याच्यात केसभर फट. भिंगरावांच्या पुढ्यात ठेवली आणि वाट बघत बसले. म्हटलं, आता लाल चिठ्ठी आली की डोळे शाबूत, मन शाबूत, सगळं शाबूत. मग मी दात सरळ करून देईन. नुकसान कोणाचं नाही.

त्यांनी भिंग लावलं. बघितलं. बराच वेळ बघितलं. मग एकदा माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात मॅडमची हाक आली म्हणून मी वर गेले. पाच मिनिटांत येते म्हणून पाऊण तास अडकले. परत आले तेव्हा कवळी नव्हती. सही झाली होती, पाकीट चिकटलं होतं आणि गाडी निघून गेली होती.

भिंगराव शांतपणे पुढचं काम बघत होते. मी त्यांना काहीच बोलले नाही. काय बोलणार? की मी फसवायला गेले आणि तुम्ही फसलात?

बुधवार, १२ तारीख

बरोबर अकरा वाजता दारात एक बाई उभ्या. काठी, कडक इस्त्रीची साडी, हातात घडी केलेला रुमाल. निवृत्त मुख्याध्यापिका. परवा त्यांच्या शाळेत जुने विद्यार्थी जमणार आहेत आणि त्यांचं भाषण आहे. पहिलं वाक्य त्यांनी आम्हाला तिथेच म्हणून दाखवलं: "सर्व सन्माननीय सदस्यांना सस्नेह..." प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजत होती. भट्टीवाल्याने तोंड फिरवलं. मेणवाली टेबलाखाली काहीतरी शोधू लागली.

"हसा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "शुक्रवारी तीनशे जण हसणार आहेत."

मला हसू आलं नाही. दहा मिनिटांची शंका फेडायला मी एका बाईच्या तोंडात शिट्टी घालून दिली होती.

मॅडमनी पाकिटावरच्या सह्या बघितल्या. "बाईंनी केलं, तुम्ही पास केलं," त्या भिंगरावांना म्हणाल्या. "एवढी फट दिसली नाही? डोळे साथ देत नसतील तर सांगा. पार्सलांच्या टेबलावर जागा आहे. तिथे गाठी माराव्या लागतात, बघावं लागत नाही."

भिंगरावांचा चेहरा पांढरा पडला. तीस वर्षं या माणसाने डोळ्यांची भाकरी खाल्ली आहे.

"चूक माझी," ते म्हणाले.

"माझी," मी म्हटलं.

"तपासणारा मी."

"बसवणारी मी. आणि मी ती मुद्दाम वाकडी बसवली होती."

मॅडमनी विचारलं, "मुद्दाम? का?"

मी दहा कारणं शोधली. प्रत्येकात कुठेतरी खोट होती. शेवटी तोंडातून जे निघालं ते असं: "मला चिठ्ठी हवी होती."

भिंगरावांनी भिंग कपाळावर चढवलं. या वेळी ते परत उतरवलं नाही. "मला दिसली होती फट," ते हळूच म्हणाले. "चिठ्ठी लिहिलीसुद्धा. मग फाडली. तुम्ही म्हणाला होतात, एकदा तरी चांगलं म्हणा. मला वाटलं, चिठ्ठ्या तुम्हाला नको झाल्यात."

"म्हणून वाकडा दात पास करायचा?" मी ओरडले. "चांगलं म्हणा म्हणजे चांगलं असेल तेव्हा म्हणा!"

"तेवढं लिहायला मला जमत नाही."

"किती दिवस चाललंय हे?" मॅडमनी विचारलं.

"एकच दात आहे, मॅडम," मी म्हटलं. "कालचाच."

मेणवाली आता टेबलाखालून वर यायलाच तयार नव्हती.

मुख्याध्यापिका इतका वेळ खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या. "चाळीस वर्षं वर्ग सांभाळले," त्या शिट्टी वाजवत म्हणाल्या. "एका चुकीसाठी दोन मुलं एकदम 'मी केलं' म्हणून उभी राहिली, की मी छडी उचलत नसे. फक्त बाक बदलत असे. शेजारी बसून अभ्यास होत नाही. आता माझा दात सरळ करा, मला घाई आहे."

मी दात सरळ केला. भिंगरावांनी तो चार वेळा तपासला. 'सर्व सन्माननीय सदस्यांना' शिट्टीविना पार पडलं. मॅडम म्हणाल्या, "पार्सलांचं उद्या ठरवू. आणि तो नियमही उद्याच द्या."

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. सांगताना विनोदी करून सांगत होते, पण त्या हसल्या नाहीत. उठल्या, कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. त्यात लाल चिठ्ठ्या आहेत. मी त्या पुरावा म्हणून ठेवते. अकरा वर्षांच्या.

"कशाचा पुरावा?" त्यांनी विचारलं.

"कामाचा. उद्या काही वाद झाला तर..."

"मी वाचल्यात सगळ्या. दुपारी वेळ जात नाही मला." त्या खाली बसल्या. "माझा मुलगा होता, म्हणून मला बोलायचा अधिकार आहे. चांगला होता. पण मीठ जास्त झालं, एवढं सोडून तुझ्याशी काय बोलला? या डब्यातला माणूस तुझ्याशी जास्त बोललाय."

"आई, तो दातांबद्दल बोलतो."

"हो का? 'आज दात ओळीत आहेत, पण तुम्ही नाही. बरं नसेल तर घरी जावं.' हा कुठला दात गं? वरचा की खालचा?"

मी त्या चिठ्ठीचा तसा कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी मला ताप होता. मी घरी गेले होते.

"लोक काय म्हणतील?" मी विचारलं.

"लोक म्हणजे मीच ना घरात? मी म्हणतेय की आता."

झोप लागली नाही. खरी भीती लोकांची नाही. आता काही बोललं तर ते टेबल जाणार. एकमेकांचं असलेल्या माणसांनी एकमेकांचं काम तपासू नये, हे कालच्या दाताने सिद्ध झालंय, ते मी स्वतःच सिद्ध केलंय. न बोलले तर टेबल राहील, पण ते पार्सलांना गाठी मारत बसतील. बोलून ते माझ्याबद्दल तसं काही म्हणालेच नाहीत तर? मग टेबलही नाही आणि काहीच नाही. आणि तोच नळ, त्याच भिंती.

गुरुवार, १३ तारीख

नियम लिहून दिला. दहा दिवसांच्या निरीक्षणातून अडीच ओळी निघाल्या: 'सोबत काम करणाऱ्यांनी प्रेम करावे की करू नये, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. मात्र जवळच्या माणसाने जवळच्या माणसाचे काम तपासू नये. तसे असल्यास स्वतःहून सांगून टेबल बदलून घ्यावे.'

मॅडमनी दोनदा वाचलं. "यात आपल्याकडचे कोण येतात?"

"दोघं."

"पण मेणवालीचं काम भट्टीवाला कुठे तपासतो?"

"नाही तपासत."

"मग दोघं कोण?"

मी कागदाखाली जोडलेला दुसरा कागद पुढे सरकवला. माझा टेबल बदलण्याचा अर्ज. कारणाच्या रकान्यात मी आधी 'प्रकृती' लिहिलं होतं. ते खोडून 'नियमाप्रमाणे' लिहिलं होतं.

मॅडमनी चष्मा काढला. "त्यांना माहितीये?"

"नाही."

"त्यांचं तुमच्याबद्दल काय आहे, ते तुम्हाला माहितीये?"

"नाही."

"आणि तरी टेबल सोडताय?"

"मॅडम, त्यांचे डोळे ठीक आहेत. फक्त माझ्या कामाशी आले की चुकतात. माझं काम पुढ्यातून काढा, ते पार्सलं बांधायला लागणार नाहीत."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाल्या, "निःपक्षपाती म्हणून तुमची निवड केली होती मी," आणि सही केली.

शुक्रवार, १४ तारीख

नवी जागा खिडकीपाशी. माझं काम आता जी पोरगी तपासते, ती निर्दयी आहे. सकाळपासून तीन लाल चिठ्ठ्या. एकीवर नुसतं 'दात चूक'. भाषा म्हणून काही उरलेली नाही.

भिंगरावांच्या शेजारी आता एक नवा माणूस बसला. ते दिवसभर त्याच्या कवळ्या तपासत होते. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मीही बघितलं नाही, म्हणूनच मला हे माहीत आहे. जेवणाच्या सुट्टीत वांग्याचं करायचं काय, हा प्रश्न होता. मी ते स्वतः खाल्लं. वाईट लागलं. म्हटलं, झालं, गेलं ते टेबल, आणि हातात आले तीन चुकीचे दात.

चार वाजता मेणवाली जोरात खोकली. मान वर केली तर भिंगराव उठले होते. भिंग टेबलावर काढून ठेवलं होतं. नळाकडे निघाले असतील म्हणून मी परत मान खाली घातली. पण नळ डावीकडे आहे आणि ते उजवीकडे वळले. दोन टेबलांमध्ये बारा पावलं आहेत. हातभर अंतरावर बसून अकरा वर्षांत जे बोलता आलं नाही, ते बोलायला तो माणूस सगळ्यांच्या देखत बारा पावलं चालून आला. हातात कागद नाही, पेन नाही.

"रविवारी काय करता?" त्यांनी तोंडाने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

हे धडधडीत खोटं. रविवारी नळ दुरुस्त करायला माणूस येतोय, गाद्या उन्हात घालायच्यात, आणि आठवड्याचं धुणं तर डोंगराएवढं साचलंय. घरी आल्याआल्या सासूबाईंना हे सगळं सांगितलं, दारातच, चपला न काढता.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पदर खोचला आणि म्हणाल्या, "नळवाल्याला मी बघते. तू आधी धुणं भिजव."